निदानानंतरची पहिली रात्र

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाल्याचे कळले, की घरातले आवाज खाली येतात. रोगाचे नावही कोणी घेत नाही. बाई मात्र रात्रभर जागी राहून आपल्या हातून काय पाप घडले ते शोधीत असते. आम्ही आग्रहाने सांगतो, हे पाप नव्हे. या रोगाच्या मुळाशी बहुधा एक विषाणू असतो. हे दाखविणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू इतका सर्रास आढळतो, की त्यावरून कोणाच्या शीलाविषयी काहीच ठरत नाही. शिवाय वेळीच सापडलेला हा रोग बरा होऊ शकतो. म्हणून ‘धीर धर’ एवढेच म्हणून तिला गप्प करू नका. तिला रडू द्या, तिचे प्रश्न कागदावर उतरवून घ्या आणि डॉक्टरांकडे तिच्यासोबत जा. उपचार डॉक्टर करतील. सोबत आपणच द्यावयाची आहे.