सावित्रीमाईंचे स्मरण

(१० मार्च, सावित्रीबाई फुले स्मृतिदिन. रुग्णालयाच्या सभागृहात प्रशासन विभागाच्या वतीने केलेले भाषण)



दरवर्षी ३ जानेवारीस सावित्रीबाई फुले यांची जयंती सर्वत्र साजरी होते आणि मुलींच्या शाळेविषयी बोलले जाते. ते उचितच आहे. परंतु रुग्णालयात वावरणाऱ्या आम्हा मंडळींना १० मार्च ही तारीख अधिक जवळची वाटते. १८९७ साली याच दिवशी त्यांचे प्लेगने निधन झाले. म्हणून आज शिक्षिका सावित्रीबाईंऐवजी एका डॉक्टरच्या आईचे स्मरण करावे, असे आम्ही योजले आहे.

सावित्रीबाईंना पोटचे अपत्य नव्हते. फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणे सुखरूप व्हावीत, यासाठी फुले दांपत्याने १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. तेथे आश्रयास आलेल्या काशीबाई नामक विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. त्यास शिकवून डॉक्टर केले. १८९० साली जोतीराव निवर्तले, तेव्हा दत्तक पुत्राच्या अधिकारावर भाऊबंदांनी हरकत घेतली. सावित्रीबाईंनी वाद न घालता टिटवे स्वतःच्या हाती घेतले आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालू लागल्या. त्या काळी स्त्रीने असे करणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी वयस्कर मंडळी जाणतात.

१८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला आणि लवकरच पुण्यास पोहोचला. सैन्यात वैद्यकीय सेवेत असलेले यशवंतराव रजेवर आले आणि हडपसरच्या ससाणे यांच्या मळ्यात त्यांनी दवाखाना उघडला. डॉक्टर मुलगा, आणि रुग्ण शोधून आणणारी सहासष्ट वर्षांची आई! मुंढव्याच्या वस्तीत पांडुरंग गायकवाड हा मुलगा प्लेगने पडला आहे, असे कळताच त्या तेथे गेल्या आणि त्यास पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगा वाचला. त्याच सेवेत सावित्रीबाईंना लागण झाली आणि त्या गेल्या.

प्लेगचा जंतू १८९४ साली सापडला होता, पण उंदरांवरील पिसवा तो माणसापर्यंत आणतात, हे सिमोंद यांनी १८९८ साली दाखविले. म्हणजे ती माउली गेल्यानंतर एक वर्षाने. गुणकारी औषधे तर आणखी कित्येक दशके दूर होती. दवाखान्यात त्या वेळी देता येण्यासारखे होते ते पाणी, स्वच्छता, अन्न आणि जवळ बसणारे माणूस. पुढे यशवंतरावांनाही प्लेगची सेवा करतानाच मृत्यू आला.

आता थोडे आपल्या दाराशी येऊ. आमच्या विभागाचा संबंध औषधांशी कमी आणि कागदांशी अधिक. दाखल करून घेण्याच्या अर्जात 'रुग्णाशी नाते' असा एक रकाना असतो. पांडुरंगास पाठीवरून उतरविल्यावर सावित्रीबाईंनी त्या रकान्यात काय लिहिले असते?

हा प्रश्न आम्ही केवळ भाषणासाठी काढलेला नाही. गळीत हंगाम सुरू झाला की बीड, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) भागातून ऊसतोड टोळ्या आपल्या जिल्ह्यात येतात. फडात बाई चक्कर येऊन पडते, पोराला साप चावतो. आणणारा असतो ट्रॅक्टरचा चालक, मुकादम, नाहीतर शेजारच्या खोपीतली म्हातारी. नवरा दूरच्या फडात, फोन लागत नाही. सही कोणाची घ्यावी, अनामत कोणी भरावी, यावर खिडकीपाशी अर्धा तास जातो. खिडकीवरच्या मुलामुलींना आम्ही दोष देत नाही. थकलेल्या बिलांचा जाब शेवटी त्यांनाच विचारला जातो.

धर्मादाय रुग्णालयांसाठी २००६ साली ठरलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धनांस मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांस सवलतीत द्यावयाच्या असतात. त्यासाठी एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वळती होते. तातडीच्या प्रसंगी अशा रुग्णांकडून अनामत मागावयाची नाही, हेही त्यात आहे. प्राण वाचविण्याचे उपचार आधी, बाकीचे सोपस्कार मागून, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे. तेव्हा पैशाची वाट आहे आणि कायद्याचीही. राहतो तो रकाना. कोविडच्या दिवसांत रक्ताचे नातेवाईक दाराबाहेर उभे होते आणि आत वॉर्डबॉय व आया रुग्णांचे अंग पुसत होत्या. तेव्हा नाते कोणी विचारले नव्हते.

विश्वस्त मंडळाच्या संमतीने १ एप्रिलपासून तातडीच्या विभागातील अर्जात 'रुग्णाशी नाते' याऐवजी 'रुग्णास कोणी आणले' असा रकाना राहील. आणणाऱ्याचे नाव आणि गाव लिहून घ्यावे; त्याच्यावर बिलाची जबाबदारी येणार नाही, हे त्यास समजेल अशा भाषेत सांगावे, आणि चहा विचारावा. सामाजिक सेवा अधीक्षकांनी दुसऱ्या दिवशी घरच्यांचा शोध घ्यावयाचा आहे. नवे अर्ज छपाईस गेले आहेत.