एका नावाची मतपत्रिका
(आष्टी येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



१६ ऑगस्ट १९४२ रोजी ज्या आष्टीत गावकऱ्यांनी स्वातंत्र्यासाठी प्राण वेचले, तेथे मताचे मोल आम्ही काय सांगावे? परंतु मत देणे निराळे आणि निवड करणे निराळे.

सोव्हिएत रशियाच्या १९३६ च्या घटनेने सर्व प्रौढांस गुप्त मतदानाचा हक्क दिला होता. मात्र मतपत्रिकेवर नाव एकच, तेही पक्षाच्या संमतीने आधीच ठरलेले. ज्यास ते अमान्य, त्याने ते खोडावे, एवढीच मुभा. म्हणूनच ९९ टक्के मते पडत. १९८९ साली अनेक ठिकाणी दुसरे नाव आले, तेव्हा पक्षाचे कित्येक अधिकारी पराभूत झाले. चीनमध्ये आजही लोक थेट मत देतात ते तालुक्यासारख्या पातळीपर्यंतच. वरच्या सभेची निवड खालची सभा करते आणि सूत्रे पक्षाच्या हाती राहतात.

आपल्या मंडळाची कार्यकारिणीही वर्षानुवर्षे अविरोध निवडली जाते आणि आम्हीही त्यात भूषण मानीत आलो. चर्चेअंती झालेले एकमत हे भूषणच. परंतु बैठकीपूर्वीच ठरलेली यादी हे एकमत नव्हे. यापुढे कोणी दुसरे नाव सुचविल्यास त्यास फुटीर म्हणू नये, एवढीच आमची नम्र विनंती.