फोर्ट नांदता राहावा म्हणून



वास्तुसंवर्धनाच्या या परिषदेचं अध्यक्षपद आपण मला दिलंत. माझी कामाची बहुतेक वर्षं मुंबईच्या फोर्टातल्या परांच्यांवर गेली, म्हणून आज फोर्टाबद्दलच बोलतो. मला सांगायचं आहे ते एवढंच: फोर्टातल्या इमारती जिथे वाचल्या तिथे आधी शेजारपाजारची माणसं उभी राहिली, आणि ही माणसं तिथून उठली तर आपण दुरुस्त केलेल्या इमारतीही फार काळ राहणार नाहीत.

ओव्हल मैदानाची गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे, तरी तरुण मित्रांसाठी पुन्हा सांगतो. पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, जुनं सचिवालय. पश्चिमेला आर्ट डेको इमारतींची ओळ. मधलं हे २२ एकरांचं मैदान एके काळी इतकं बेवारस झालं होतं की अंधार पडल्यावर तिथून जायला लोक धजावत नसत. आजूबाजूच्या रहिवाशांनी ओव्हल-कूपरेज रेसिडेंट्स असोसिएशनच्या नावाने ते प्रकरण धसाला लावलं. ते उच्च न्यायालयात गेले, मैदानाच्या देखभालीची जबाबदारी अंगावर घेतली, त्यासाठी पैसे उभे केले. आज तिथे एकाच वेळी क्रिकेटचे कितीतरी डाव रंगलेले दिसतात.

पुढे याच मंडळींनी आणि शहरातल्या इतर नागरिक संस्थांनी मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या वास्तूंना जागतिक वारशाचा दर्जा मिळावा म्हणून पाठपुरावा सुरू केला. संवर्धन-वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी नामांकनाचा ग्रंथ सिद्ध केला, राज्य सरकारने तो पुढे नेला आणि ३० जून २०१८ रोजी ९४ इमारतींचा हा व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको समूह युनेस्कोच्या यादीत गेला. यातल्या कित्येक इमारतींत आजही कुटुंबं राहतात. गॅलरीत कपडे वाळत घातलेलं जागतिक वारसास्थळ म्हणून मला त्याचा फार अभिमान वाटतो.

दादाभाई नौरोजी रस्त्यावरचं काम वेगळ्या जातीचं होतं. पूर्वीच्या या हॉर्नबी रोडवर १८९६ साली नियम झाला की प्रत्येक इमारतीने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची पडवी सोडायची. वरचा थाट ज्याचा त्याने ठरवावा, पण खालून माणूस उन्हापावसात सलग चालत गेला पाहिजे. शंभर वर्षांनी या कमानी दुकानांच्या पाट्यांखाली दिसेनाशा झाल्या होत्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आभाताईंनी एकेका इमारतीची नोंद केली आणि पाटी कुठे व केवढी असावी याचे नियम आखले. कमान झाकली जाणार नाही, एवढं पथ्य. खरी कसोटी पुढे होती. पाटी लहान केली तर गिऱ्हाईक कमी होईल ही दुकानदाराची भीती खोटी नव्हती. शेजारच्यानेही काढली तरच मी काढीन, असं तो म्हणायचा. दुकानादुकानांत बसून, चहा घेऊन, ही समजूत घालावी लागली. युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांतही या कामाची दखल घेतली गेली.

काळा घोडा असोसिएशन १९९८ साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने कलामहोत्सव सुरू केला. महोत्सवाची गर्दी सगळ्यांना दिसते. त्यातून उभा राहिलेला पैसा परिसरातल्या वास्तूंच्या दुरुस्तीवर खर्च होतो, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. बाझारगेटला पेरीन नरिमन स्ट्रीटवर बोमनजी होरमसजी वाडिया यांच्या स्मरणार्थ १८८२ साली उभारलेलं कारंजं आणि घड्याळाचा मनोरा आहे. पर्यटक त्या बाजूला सहसा फिरकत नाहीत. या मनोऱ्याची दुरुस्ती असोसिएशनने केली.

आता थोडं कायद्याविषयी. १९९५ साली मुंबईत वारसा नियमावली लागू झाली. देशातली ही पहिलीच. ६००हून अधिक वास्तू आणि परिसर श्रेणीवार यादीत आले आणि परवानगीशिवाय पाडापाडी करणं अवघड झालं. त्यासाठी झगडलेल्या पिढीचे आपल्यावर उपकार आहेत. पण नियमावली पाडणाऱ्याला अडवते, गळती तिला अडवता येत नाही. फोर्टातल्या जुन्या इमारती मोठ्या संकटाने पडत नाहीत. त्या मोरीतून पडतात.

बोरा बझारच्या मागच्या एका इमारतीत आमचं काम चाललं होतं. दुसऱ्या मजल्यावर मोरीखालची तुळई. भिंतीला सिमेंटचा गुळगुळीत गिलावा, वर ताजा रंग, कुठे तडासुद्धा नाही. गिलावा फोडला तेव्हा भिंतीत शिरलेलं तुळईचं तोंड भुसा होऊन हातात आलं. तिथून हातभर पुढचं सागवान मात्र इतकं कडक की खिळा शिरेना. चुन्याची भिंत ओल बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंट चढवलं की ओल आत कोंडते आणि लाकडाकडे वळते. आम्ही कुजका भाग कापला, मुरलेल्या सागवानाचा तुकडा पट्ट्या आणि बोल्ट घालून जोडला, मोरीचा पाइप बदलला, गिलावा पुन्हा चुन्याचा केला. तुळई बदलावी लागली नाही. मात्र ही ओल कधीपासून आहे, कोणत्या पावसात वाढली, वरच्या मजल्यावर पाणी सोडलं की किती वेळाने ती उमटते, हे आम्हाला त्या खोलीत राहणाऱ्या बाईंनी सांगितलं. त्यांच्या शेजारची खोली बरीच वर्षं कुलूपबंद होती. तिथली तुळई आम्हाला वाचवता आली नाही.

मित्रहो, हा फरक मी आयुष्यभर पाहत आलो आहे. राहत्या माणसाच्या डोळ्यांपुढे ओल वाढते, म्हणून तो ओरडतो. गोदामाला आणि कुलपाला ओरडता येत नाही.

मग माणसं का जातात? याचं उत्तर भाड्याच्या पावतीवर आहे. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली. फाळणीनंतरच्या दिवसांत कित्येक कुटुंबांचं छप्पर त्यामुळे टिकलं, हे विसरून चालणार नाही. पण मालकाच्या हाती येणाऱ्या भाड्यात जिन्याचा कठडाही दुरुस्त होईना. १९६९ साली इमारतींसाठी दुरुस्ती मंडळ आणि त्यासाठीचा उपकर आला. १९९९च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली, तीही त्या जुन्याच रकमेवर. मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू स्वतःच्या नावावर नसलेल्या भिंतीत पैसे घालत नाही, आणि गॅलरीखाली लोखंडी टेकू येतात. तात्पुरता म्हणून लावलेला टेकू पंचवीस पावसाळे तसाच उभा असतो. अखेर पुनर्विकासाचा प्रस्ताव आला की थकलेला भाडेकरू सही करतो. त्याला वारशाची किंमत कळत नाही असं म्हणणाऱ्यांशी माझा तीव्र मतभेद आहे. टेकूखालून रोज मुलाला शाळेत नेणाऱ्या माणसाला आपण काय देऊ केलं, हे आधी सांगितलं पाहिजे.

एस्प्लनेड मॅन्शनचं उदाहरण आपल्या समोर आहे. १८६०च्या दशकात इंग्लंडहून आणलेल्या ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभं राहिलेलं वॉटसन्स हॉटेल. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा इथे दाखवली गेली. पुढे खोल्यांच्या चिमुकल्या कचेऱ्या झाल्या. समोरच न्यायालय, म्हणून वकिलांची वर्दळ. २००५ साली इमारतीचा काही भाग कोसळला. त्यानंतर मालक, भाडेकरू, शासकीय यंत्रणा, न्यायालय, तज्ज्ञांचे अहवाल असं सगळं झालं. एका अहवालाने पाडा म्हटलं, दुसऱ्याने वाचवता येईल म्हटलं. २०१९ साली ती रिकामी करण्यात आली. त्या इमारतीचं महत्त्व कोणीच नाकारलं नव्हतं. पण गळक्या नळाची जबाबदारी नेमकी कोणाची, हे कधी ठरलं नाही.

दुसरी काळजी मला उलट बाजूची आहे. भाग सुधारला, फिरायला गर्दी येऊ लागली, की तळमजल्यांना नवे भाव येतात. बाझारगेटची कुटुंबं, कायद्याची पुस्तकं विकणारे, शिक्के बनवणारे, वह्या-कागदांची जुनी दुकानं, इराण्यांची हॉटेलं यांना तो भाव झेपत नाही. त्यांच्या जागी चकचकीत उपाहारगृहं आली तर भिंती सुंदर राहतील, पण रात्री अकरानंतर त्या भागात कोणी उरणार नाही. अशा पुनरुज्जीवनासाठी ओव्हलच्या रहिवाशांनी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या नव्हत्या.

म्हणून या परिषदेपुढे काही मागण्या ठेवतो. यादीतल्या राहत्या इमारतींमध्ये जशास तशी दुरुस्ती, म्हणजे लाकडाला लाकूड आणि चुन्याला चुना, करायची असेल तर परवानगी पावसाळ्याआधी हातात पडली पाहिजे. मोठ्या प्रकल्पांच्या निधीतला एक हिस्सा पहिल्या गळतीसाठी, मोरी, छप्पर आणि पन्हाळी यांसाठी वेगळा ठेवावा, आणि त्यासाठी मालकाबरोबर भाडेकरूंच्या संघालाही अर्ज करता यावा. चुन्याचं काम जाणणारे गवंडी आता मोजकेच उरले आहेत. त्यांच्या हाताखाली तरुणांना वेतनावर ठेवायला हवं. आणि जुन्या दुकानदारांच्या भाडेपट्ट्यांना संरक्षण देण्याचा विचार संवर्धनाच्या आराखड्यातच झाला पाहिजे, नंतर नव्हे.

दुपारच्या सत्रात या मागण्या ठराव म्हणून चर्चेला येतील. त्यातल्या दुसऱ्या, म्हणजे गळतीच्या निधीच्या, ठरावाचा मसुदा भाडेकरू संघांच्या प्रतिनिधींनी तयार केला आहे. तो त्यांनीच वाचावा आणि चर्चेची सुरुवातही त्यांनीच करावी, अशी मी अध्यक्ष या नात्याने विनंती करतो.