हाताने मोजलेला पैसा

मनमाडच्या गृहिणीला पाण्याचा हिशेब शिकवावा लागत नाही. वागदर्डीचे धरण आटले की पंधरा-पंधरा दिवस नळ कोरडे, अशी वर्षे या गावाने काढली. पिंपात किती उरले आणि ते कोणत्या वारापर्यंत पुरवायचे, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असे. पैशाच्या बाबतीत मात्र तीच जाण टिकेलच असे नाही. पिंपाचा तळ दिसतो. बँकेतील खात्याचा दिसत नाही.

२०१६ साली यूपीआय आले. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि पुढे चहाच्या टपरीवरही क्यूआर कोडची पाटी लागली. सोय निर्विवाद आहे. परंतु दहा रुपये देताना आणि हजार देताना बोटाला श्रम सारखाच पडतो. नोट हातून सुटताना मन जे क्षणभर अडखळते, ते तेथे अडखळत नाही.

मनमाडचा साधेपणा टंचाईने शिकविला. पुण्याच्या बुधवार पेठेत तो स्वेच्छेने स्वीकारलेला दिसला. १९४० साली जन्मलेल्या डॉ. हेमा साने या वनस्पतिशास्त्राच्या विद्यावाचस्पती, गरवारे महाविद्यालयात प्राध्यापिका होत्या. ऐन शहरात त्या विजेविना राहिल्या. पंखा नाही, फ्रीज नाही. वीज घेणे त्यांना परवडत नव्हते असे नव्हे; गरज भासली नाही, इतकेच. त्याच घरात त्यांनी वृक्षवेलींवर ग्रंथ लिहिले. २०१९ साली वृत्तपत्रांनी दखल घेतली तेव्हा पुष्कळांना नवल वाटले. इतरांनीही वीज तोडावी, असा आग्रह त्यांनी धरला नाही, हे विशेष.

रोकडीचाही असाच हट्ट नको. सारी पुंजी घरात ठेवणाऱ्यांनीच नोटाबंदीत अधिक सोसले. शिवाय १ एप्रिल २०१७ पासून दोन लाख वा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास कायद्याने मनाई झाली. परगावी शिकणाऱ्या मुलाला पैसे धाडायचे तर बँक हवीच.

पण किराणा, भाजी, दूध, चहापाणी? एवढा खर्च महिनाभर एकाच डब्यातून रोखीने करून पाहावा. डबा बावीस तारखेलाच रिकामा झाला, तर त्या रात्री जेवताना घरात जी चर्चा होईल, तीत मुलांनाही बसवावे.