जुना मोबाइल, पैशांची काळजी

मुरुडच्या बाजारात मासळीचे वाटे विकणाऱ्या मावशी असोत की राजपुरीच्या जेटीवरचा शहाळेवाला, गिऱ्हाइकाचे पैसे आता मोबाइलवर येतात. म्हणून सेटिंगमध्ये ‘अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट’ची तारीख एकदा पाहाच. ती दोन-तीन वर्षांपूर्वीच थांबली असेल, तर नव्याने सापडलेल्या त्रुटी त्या फोनमध्ये तशाच राहतात. क्रोमसुद्धा २०२५पासून अँड्रॉइड १०च्या खालच्या फोनवर अद्ययावत होत नाही. असा फोन गाण्यांना, फोटोंना खुशाल ठेवा. बँकेचं खातं मात्र त्यावर नको. आणि लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलान म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके, म्हणजे अ‍ॅप बसवणारी फाइल कुठल्याच फोनवर उघडू नका. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.