चाक आणि वारा



आजचा विषय फळ्यावर वाचून काहींना हसू आले असेल. जेथे चाक म्हटले की उसाची बैलगाडी डोळ्यांपुढे येते, त्या कोऱ्हाळे बुद्रुकात शर्यतीच्या सायकलचे चाक कसे निवडावे, यावर व्याख्यान कशाला? पण पहाटे सायकल घेऊन निघणारी मुले आता आपल्याकडच्याही रस्त्यांवर दिसू लागली आहेत. त्यांतला एखादा घरी येऊन म्हणतो, "अण्णा, नवी चाके घ्यायची आहेत," आणि किंमत ऐकून अण्णा बाजेवर बसतात. कार्बनच्या चाकांची एक चांगली जोडी लाखाच्या घरात जाऊ शकते. म्हणजे हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही. तो घरच्या पैशाचा आहे आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, मुलाच्या जिवाचाही आहे.

प्रथम ही शर्यत कोणती ते सांगतो. आधी पोहणे, मग सायकल, मग धावणे, आणि मध्ये विश्रांती नाही, अशी ही ट्रायथलॉन. तिचा एक अतिशय कठीण प्रकार म्हणजे आयर्नमॅन. तो हवाई बेटांवर १९७८ साली सुरू झाला. पंधरा जण उतरले आणि बारा जणांनी तो पुरा केला. त्यात सायकलचा टप्पा १८० किलोमीटरांचा असतो. मिलिंद सोमण यांनी २०१५ साली झुरिकला हे दिव्य केले. पुण्याचे कौस्तुभ राडकर यांनी ते अनेकवार केले आणि इतरांनाही त्यासाठी तयार केले. २०१९ साली याच स्पर्धेची निम्म्या अंतराची आवृत्ती गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर झाली, आणि महाराष्ट्रातल्या हौशी मंडळींना ती घराजवळ आली. तीत सायकलचे अंतर नव्वद किलोमीटर. या शर्यतीत हौशी स्पर्धकाला दुसऱ्याच्या मागे चिकटून त्याच्या आडोशाने जाता येत नाही. बारा मीटरांचे अंतर राखावे लागते. वाऱ्याशी ज्याचे त्याने लढावयाचे, म्हणूनच चाकाचा एवढा विचार.

सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या स्वाराची बहुतेक शक्ती हवा बाजूला सारण्यातच खर्च होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाने. ताशी तीसवरून छत्तीसवर जायचे, म्हणजे वेग सवापटीहूनही कमी वाढवायचा, तर हवेसाठी लागणारी शक्ती पावणेदोनपट होते. त्यातही चाकाची एक गंमत आहे. जमिनीला टेकलेला चाकाचा भाग क्षणभर स्थिर असतो, आणि माथ्यावरचा भाग सायकलच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. तेथे गोल तारांचे स्पोक हवा घुसळतात. रिम खोल केली, पन्नास, साठ, ऐंशी मिलिमीटर, की स्पोक आखूड होतात आणि टायरवरून आलेली हवा रिमच्या अंगाने न फाटता मागे सरकते. याची परमावधी म्हणजे स्पोकच नसलेले, चकतीसारखे भरीव चाक. इटलीच्या फ्रान्सेस्को मोझर याने १९८४ च्या जानेवारीत मेक्सिको शहरात अशा चाकांवर एका तासात ५१ किलोमीटरांहून अधिक अंतर तोडले, तेव्हा जगाचे डोळे उघडले.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग सर्वांत खोल तेच सर्वांत चांगले! आम्हीही असेच म्हणत होतो. एका फाल्गुनात ऐंशी मिलिमीटरांची उसनी चाके लावून आम्ही याच भागातल्या रस्त्याने निघालो. दोन्ही बाजूंना उभा ऊस, वारा कसा तो नाही. सायकल जणू आपणहून पळत होती. पुढे एका शेताची तोड झालेली होती. उसाची भिंत संपली आणि आडवा वारा एकदम चाकावर आला. पुढचे चाक कोणी हाताने धरून वळवावे तसे वळले आणि आम्ही चारीत! गुडघ्याची जखम पंधरा दिवसांत बुजली. मागून उसाची ट्रॉली येत नव्हती, एवढेच आमचे नशीब.

त्या चारीत आम्हाला विषय कळला. खोल रिम हे शीड आहे. मागच्या चाकावर स्वाराचा भार अधिक असतो आणि त्याला हँडल नसते; म्हणून ते वारा सोसते. पुढच्या चाकावरचा धक्का थेट हातात येतो. हवाईतल्या मूळ स्पर्धेत वाऱ्यामुळेच मागच्या चकतीलाही मनाई करण्यात आली, ती काही उगाच नव्हे. शिवाय खरी मेख पुढे आहे. हवेचा बराचसा विरोध चाकाचा नसून स्वाराच्या अंगाचा असतो. म्हणून तर दांड्यांवर कोपरे टेकून, वाकून जावयाचे. वाऱ्याच्या भीतीने जो वारंवार उठून बसतो, तो चाकाने मिळवलेले छातीने घालवतो.

तेव्हा निवड कशी करावी? दुकानातल्या आकड्यांवरून नव्हे, आपल्या रस्त्यावरून आणि आपल्या हातावरून. मागे साठ किंवा ऐंशी चालेल. पुढे चाळीस-पन्नासच्या वर जाण्याची घाई नको. वजनाने हलका असेल त्याने आणखी जपावे, कारण वारा त्याला अधिक ढकलतो. रिमची बाहेरची रुंदी फुगलेल्या टायरहून शेकडा पाच जास्त असावी, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे टायर अठ्ठावीसचा तर रिम साडेएकोणतीसच्या आसपास. अरुंद रिमवर फुगीर टायर चढवला की खोलीचे पैसे वाया. चाकाच्या वजनाची चिंता सपाटीवर फारशी करू नये. ती घाटात करावी.

आणि चाक घ्यायचे ते सर्वांत शेवटी. आधी सायकल अंगाच्या मापाची बसवून घ्या. मग अंगाला चिकटून बसणारे, न फडफडणारे कपडे. मग उत्तम टायर, आणि आपल्या खडबडीत रस्त्याला मानवेल असा बेताचा दाब. दगडासारखा कडक टायर येथे वेग देत नाही, हादरे देतो. हिशेब साधा आहे. ताशी तीसने नव्वद किलोमीटरांना तीन तास लागतात. नव्या चाकांनी वेग अर्ध्या किलोमीटरने वाढला, असे धरले, तरी वाचतात तीन मिनिटे. पंक्चर काढायला न शिकलेला स्पर्धक रस्त्याच्या कडेला तेवढी मिनिटे टायर उतरवण्यातच घालवतो! ज्यांना हे सारे करूनही हौस राहते, त्यांनी नवीन जोडीआधी मागच्या साध्या चाकाला स्पर्धेच्या नियमात बसणारे झाकण लावून पाहावे. चकतीचा पुष्कळसा लाभ त्यात थोड्या पैशांत मिळतो.

मुलांनो, चाके उसनी मिळाली तर जरूर घ्या. पण आधी ऊस तोडलेल्या रानाकडेने, वाऱ्याच्या दिवशी, रहदारी नसताना ती चालवून पाहा. कोपरे दांडीवरून न उचलता तेवढा पट्टा पार झाला, तर ते चाक तुमचे. नाही झाला, तर ते अजून वाऱ्याचे आहे. आणि अण्णांनो, मुलगा चाके मागेल तेव्हा एकदम नाही म्हणू नका. त्याला एवढेच विचारा, "टायर बदलता येतो का रे?"