कायद्यातला ‘व्यसनी’

१९१२ च्या कायद्याने मनोरुग्णाला ‘वेडा’ ठरविले होते. १९८७ च्या कायद्याने तो शब्द काढला. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात ‘व्यसनी’ मात्र ठाण मांडून आहे. २००१ च्या दुरुस्तीने त्याची व्याख्या बदलली: अमली पदार्थावर अवलंबित्व असलेली व्यक्ती. अर्थ रुग्णाचा, नाव मात्र बदनामीचे!

कलम ६४-अ पाहा. सेवनाचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने स्वेच्छेने सरकारमान्य संस्थेत उपचार घेतले तर त्याच्यावर खटला चालत नाही. परंतु व्यसनी म्हणवून घेतल्याखेरीज ही सवलत नाही. रोजंदारीवर जगणाऱ्याच्या कपाळी हा शिक्का बसल्यावर मुकादम त्याला पुन्हा कामावर घेईल काय? धनिकाचा मुलगा गुपचूप खासगी रुग्णालयात जातो. झोपडपट्टीतला पोरगा ‘गर्दुल्ला’ ठरतो. शिवाय उपचार पुरे केले नाहीत तर सवलत काढून घेता येते. आणि पुन्हा घसरणे हे तर या आजाराचे लक्षणच!

शब्द बदलल्याने कलम २७ मधील वर्षापर्यंतची कैद टळणार नाही, हा आक्षेप खरा आहे. म्हणून ते कलम रद्द करण्याची मागणीही सोबत हवी. तथापि ‘अवलंबित्व असलेली व्यक्ती’ हे शब्द कायद्यात आधीच आहेत. ते व्याख्येतून कलमांत आणावयास सरकारी तिजोरीला छदामही पडत नाही.